नारकंड्याहून विलासची गाडी आणताना

जानेवारीत हिमाचलला जाऊन आलो हे कळल्यापासून आमच्या पूनम सागर सोसायटीत जो भेटतो तो एकच विचारतो, “काका, बर्फ बघितला का?” बघितला. पायाखाली तुडवला, त्यावर साफ आपटलो, आणि एका पिकअपच्या काचेवरून हातानं खरवडूनही काढला. पण आम्ही बर्फ बघायला गेलो नव्हतो. माझ्या धाकट्या भावाची, विलासची, डिझेल पिकअप नोव्हेंबरपासून तिथं उभी होती, ती आणायला मी आणि विलासची बायको सुनंदा असे दोघं गेलो होतो. लिफ्टमध्ये एवढं सगळं सांगून होत नाही, आणि सांगितलं तर समोरच्याचा चेहरा पडतो. म्हणून लिहून काढतोय.

विलास मोरव्यात राहायचा, भाईंदर पश्चिमेला. पहाटे चौकच्या बंदरावरून मासळीचे टब उचलायचे, बाजारात टाकायचे, गाडी धुवायची, आणि मग दिवसभर जे मिळेल ते भाडं करायचं. कपाटं, फ्रिज, लग्नाच्या खुर्च्या. गाडीच्या मागं त्यानं पेंटरकडून दोनच शब्द लिहून घेतले होते, ‘सांगाल तिथे’. मीरा रोडचे एक गृहस्थ निवृत्त होऊन नारकंड्याच्या पलीकडे आपल्या गावी कायमचे परत निघाले, त्यांचं घरसामान न्यायचं भाडं विलासनं घेतलं. मला फोन करून म्हणाला, “दादा, बर्फात गाडी चालवून येतो. तुझ्यासारखं पेन्शन घेऊन घरात बसायच्या आत एकदा बघून घेतो.” सामान त्यानं नीट पोचवलं. परतताना नारकंड्याच्या अलीकडे एका ढाब्यावर चहा घ्यायला थांबला, बाहेरच्या बाकावर बसला, आणि तिथून उठला नाही. पन्नाशीही पुरी झाली नव्हती त्याची.

बातमी आली तेव्हा विमानानं मी एकटाच गेलो. सुनंदाचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता, मासळी बाजारातल्या ओल्या फरशीवर घसरली होती. नवऱ्याचं शेवटचं तोंड तिनं मी तिथून लावलेल्या व्हिडिओ कॉलवर बघितलं. त्यातही नेटवर्क गेलं आणि चित्र मध्येच अडकलं. विलासला आम्ही तिथंच अग्नी दिला, मी अस्थी घेऊन परत आलो, गाडी तिथंच राहिली.

निघताना मी एक काम केलं होतं. ढाब्याच्या मालकाकडून, रूपलालजींकडून, पाना मागून घेतला, बॉनेट उघडलं आणि बॅटरीची निगेटिव्हची तार काढून ठेवली. आपल्याकडे गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर हे करतातच. चौकचे नाखवे तर पावसाळ्यात होड्या ओढल्या की आधी बॅटरीच्या तारा सोडतात. “खारं वारं हाय, तार ठेवलीस तं बॅटरी ऱ्हायाची न्हाय,” असं त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं विलासला आणि मला दोघांनाही ऐकवलं होतं. मी बत्तीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. वस्तू कशी ठेवावी हे मला कोणी शिकवू नये अशी माझी समजूत आहे. भाऊ गेल्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा तार काढायचं सुचलं, याचं मला तेव्हा जरा कौतुकच वाटलं होतं.

रेल्वेत

दोन दिवसांचा रेल्वेप्रवास मी वगळतो. फक्त एका बॅगेबद्दल सांगतो. सुनंदाकडे एक लहानशी निळी बॅग होती आणि ती उचलताना माझा खांदा निखळायची वेळ आली. “यात काय दगड भरलेस का?” मी विचारलं. आमच्या हिनं बेसनाचे लाडू, चिवडा आणि दोन मंकी कॅप दिल्या होत्या, त्यांचं वजन माझ्याकडे होतं. सुनंदानं बडोदा गेल्यावर बॅग उघडून दाखवली. जुन्या साडीत गुंडाळलेल्या, मनगटाएवढ्या जाड दोन तारा होत्या. एक लाल, एक काळी, टोकांना दातेरी चिमटे. एका गाडीची बॅटरी दुसरीला जोडायच्या तारा.

“स्टेशनजवळच्या बॅटरीवाल्याकडून घेतल्या,” ती म्हणाली. “तो बोलला, भाभी, जुनी बॅटरी काढायच्या आधी दुसरी बॅटरी या तारांनी जोडून ठेवायची. मग जुनी काढा, नवीन बसवा, मीटरला पत्ता पण नाय लागणार.”

“मीटरला कशाचा पत्ता?”

मग तिनं सांगितलं. गाडीच्या मीटरवर दोन आकडे असतात. मोठा आकडा गाडी घेतल्यापासूनच्या सगळ्या किलोमीटरचा. लहान आकडा ट्रिपचा, बटण दाबलं की शून्य होणारा. विलास रोज घरासमोरून निघताना तो शून्य करायचा. परत आला की चप्पल काढायच्या आधी दारातूनच तिनं विचारायचं, “किती झाले?” आणि त्यानं सांगायचं, “आज एकशे बारा.” त्यावरून तिला कळायचं की चहा आधी द्यायचा की जेवण. अठरा वर्षं हे चाललं होतं. हिमाचलला निघतानाही त्यानं बटण दाबून शून्य करून तिला काचेतून अंगठा दाखवला होता.

“मी तिथं नव्हते, भाऊजी,” सुनंदा म्हणाली. “मला बाकी काही बघायला मिळालं नाही. ते शेवटी किती गेले एवढं तरी मला बघू दे.”

मी म्हटलं, मोबाइलच्या नकाशात अंतर दिसतं की. ती म्हणाली, “ते रस्त्याचं झालं. हे चहासाठी दोन किलोमीटर मागं जाणारे. हे रस्ता चुकणार, देऊळ दिसलं की वळणार. ते नकाशाला काय माहीत?”

बॅटरीची तार निघाली की ट्रिपचा आकडा शून्य होतो, हे मला तिनंच समजावून सांगितलं. मोठा आकडा राहतो, पण निघताना तो किती होता हे कुणी टिपलेलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर कपाशीची शेतं होती. नोव्हेंबरमध्ये पाना फिरवताना लोखंड किती गार लागलं होतं, ते माझ्या बोटांना आठवलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तिला लाडू दिला आणि म्हणालो, “बघू, तिथं गेल्यावर बघू.”

नारकंड्याच्या अलीकडे

सिमल्याहून बसनं वर चढलो. सफरचंदाची झाडं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली आणि त्यांना एक पान नव्हतं. डोंगरउतारावर ओळीनं उभी, बुंधे चुन्यानं रंगवलेले. वर देवदार, त्यांच्या फांद्यांवर बर्फ. हे फार सुंदर आहे असं मला कळत होतं. सुनंदा खिडकीतून बघत होती आणि प्रत्येक वळणावर म्हणत होती, “इथून त्यांनी गाडी नेली म्हणजे.” कंडक्टरनं ढाब्यासमोर उतरवलं. पहिल्याच पावलाला मी घसरलो आणि बसलो. सुनंदानं, दुखऱ्या पायाच्या बाईनं, मला हात देऊन उठवलं.

गाडी ढाब्याच्या बाजूला, पत्र्याच्या आडोशाला होती. टपावर वीतभर बर्फ. हौद्याखाली एक काळं कुत्रं मुटकुळं करून झोपलेलं. रूपलालजी म्हणाले, हे कुत्रं गाडी आली त्या दिवसापासून इथून हलत नाही, का ते समजत नाही. आम्हाला समजलं. विलासनं फिनाइलनं कितीही धुतली तरी चौकच्या बोंबलांचा वास त्या लाकडी फळ्यांमधून जायचा नाही. सुनंदा हौद्याला नाक लावून उभी राहिली. समुद्रापासून इतक्या दूर, त्या गारठ्यात, अगदी पुसट असा तो वास होता, आणि तिला पहिल्यांदा मी रडताना बघितलं. मोरव्यातही ती माझ्यासमोर रडली नव्हती.

रूपलालजी साठीचे, उंच, डोक्याला हिरव्या पट्टीची टोपी. त्यांची बायको कौशल्याजी आम्हाला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, कारण ऊब तिथंच होती. मध्ये पत्र्याची शेगडी, तिची नळी छपरातून बाहेर गेलेली, भोवती बसायला पाट. आपल्याकडे पाहुण्याला बाहेरच्या खोलीत बसवतात, तिथं चुलीपाशी घेतात. आणि त्या शेगडीजवळ, बाकाखाली, लाकडाच्या फळीवर गोणपाटात गुंडाळलेली एक वस्तू होती. सुनंदानं गोणपाटाचं टोक वर केलं. विलासच्या गाडीची बॅटरी.

थंडीत उतरलेली बॅटरी बाहेर ठेवली तर आतलं पाणी गोठतं आणि तिचं अंग फुटतं, म्हणून तिथले लोक ती घरात आणून चुलीजवळ ठेवतात, असं रूपलालजींनी सांगितलं. घरात आजारी माणूस असावा तसे ते तिच्याकडे मधूनमधून बघत होते. तरी तिच्या बाजू फुगल्या होत्या.

सुनंदानं तिच्या मोडक्या हिंदीत विचारलं, “भाईसाब, इसका तार किसने निकाला?”

रूपलालजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्याच पान्यानं मी तार काढली होती, ते माझ्या शेजारी छत्री धरून उभे होते. मी चहाच्या पेल्यात फुंकर मारत बसलो.

“मैंने ही निकाला, बहनजी,” ते म्हणाले. “यहाँ निकालना पड़ता है।”

 मग निळी बॅग उघडून तिनं साडी सोडली आणि त्या दोन जाड तारा रूपलालजींच्या हातात दिल्या. “आपके काम आएगी,” ती म्हणाली. “हमारे को अब नहीं लगती।” साडीची घडी घालून तिनं ती परत बॅगेत ठेवली. बॅग आता इतकी हलकी होती की मला ती उचलवेना.

जेवायला कौशल्याजींनी सिड्डू केले होते. गव्हाचं आंबवलेलं पीठ, आत खसखस-अक्रोडाचं सारण, वाफवून वरून तूप. सुनंदानं एक घास खाल्ला आणि म्हणाली, “आपल्या मोदकाचा थोरला भाऊ आहे हा.” कौशल्याजींना मोदक म्हणजे काय ते सांगताना ती हातानं कळ्या पाडून दाखवत होती. विलास ज्या बाकावर बसला होता तो बाक, त्याचा अर्धा चहा, तो काय बोलला, सगळं तिनं विचारून घेतलं. तो म्हणाला होता, “अंकल, चीनी थोड़ा ज़्यादा।” एवढंच. मला ती एक घास खाते की दोन, याकडेही बघवत नव्हतं.

ठियोगचा बाजार

दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी घ्यायला रूपलालजींच्या ओळखीच्या जीपमधून सिमल्याच्या वाटेवरच्या ठियोगला गेलो. दुकान एका मिस्त्रीचं होतं, नाव सोहन. जाड लोकरीचा कोट, त्यावर ग्रीस, आणि बोलणं अगदी शांत.

आपल्याकडे बॅटरी घेताना पहिला प्रश्न असतो, गॅरंटी किती महिने? दुसरा, जुनी परत केली तर किती सोडणार? मीही तेच विचारले. सोहन हसला. म्हणाला, इथं लोक एकच विचारतात, सकाळी उठेल का? मग त्यानं आम्हाला दोन बॅटऱ्या काढून दाखवल्या आणि कागदावर रेघा मारून समजावलं. थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यावर येते. त्याच थंडीत इंजिनातलं तेल काकवीसारखं जड होतं, आणि डिझेलचं इंजिन तर आधीच दाबावर चालणारं, त्याला फिरवायला जोर जास्त लागतो. म्हणजे मागणी दुप्पट, पुरवठा अर्धा. म्हणून पेटीवर बॅटरी केवढी मोठी म्हणून लिहिलंय ते बघायचं नाही, गारठ्यात एका झटक्याला किती जोर देते तो आकडा बघायचा. तो आकडा वेगळा छापलेला असतो. बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळून मी तो कधी वाचला नव्हता.

एक बॅटरी आमच्या जुन्या बॅटरीएवढीच, खोबणीत बरोबर बसणारी, जोर बेताचा. दुसरीचा जोर जवळजवळ दीडपट, पण ती दोन बोटं उंच. वरची पट्टी बदलावी लागणार.

मी लगेच हिशेबी सल्ला दिला. “सुनंदा, आपल्याला एकच सकाळ काढायचीय. जीपची बॅटरी लावून गाडी चालू करू, खाली चंदिगडपर्यंत उतरलो की थंडी संपली. भाईंदरला जाऊन आपल्या माणसाकडून घे. मोरव्यात असली डोंगरातली बॅटरी काय करायचीय?”

बोलणं शहाणपणाचं होतं. ती म्हणाली, “म्हणजे भाईंदरला परत तार काढायची?”

“हो, बदलताना काढावीच लागणार.”

“नको. एकदाच काय ते चांगलं बसवा. परत कोणाला हात लावायला लागू नये.” तिनं उंच बॅटरीवर हात ठेवला. सोहननं मान हलवली, जणू त्यालाही तीच द्यायची होती.  सल्ला देण्याची माझी हौस त्या दुकानात संपली असं मी म्हणणार होतो, पण बाहेर येताच मी रूपलालजींना जीपमध्ये बॅटरी आडवी ठेवू नका म्हणून सांगितलंच.

बॅटरी बसवायला सोहन आमच्याबरोबर ढाब्यावर आला आणि संध्याकाळी त्यानंच चावी फिरवली. इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. टाकीत राजस्थानात भरलेलं डिझेल होतं, ते गारठून गढूळ झालं होतं. रूपलालजी मला ते समजावत होते तेवढ्यात सुनंदा म्हणाली, “खोबरेल थिजतं तसं.” आणि तिनं कौशल्याजींकडून गरम पाण्याचं भांडं आणि फडकी आणली. आपल्याकडे डिसेंबरात दोन दिवस गारवा पडला की खोबरेलाची बाटली गरम पाण्यात ठेवतात, तसं तिनं डिझेलच्या फिल्टरला गरम फडकं गुंडाळलं, पिळून परत गुंडाळलं. सोहननं इंजिनाखाली निखाऱ्यांची पाटी सरकवली. तासाभरात गाडी धुराचा लोट सोडून उठली. कुत्रं भुंकत बाजूला झालं. सगळे हसले. सुनंदा आत चढून मीटरसमोर बसली. ट्रिपचा आकडा होता शून्य. तिनं काचेवर बोट ठेवलं आणि तशीच बसून राहिली, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत.

उतरताना

तिसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर निघालो. निघण्याआधी सुनंदानं घरून आणलेला नारळ त्या बाकासमोरच्या दगडावर फोडला. पाणी सांडलं ते दगडावर बघता बघता पांढरं झालं. खोबऱ्याचे तुकडे तिनं सगळ्यांना वाटले, कुत्र्यालाही दिला. कौशल्याजींनी करवंटी ठेवून घेतली. रूपलालजींनी माझा हात हातात घेतला. मला त्यांच्या डोळ्यांत बघता आलं नाही.

गाडी मी चालवत होतो, सावकाश, आणि सुनंदा शेजारी. सिमल्याच्या खाली आल्यावर ती मीटर वाचायला लागली. प्रत्येक चहाला एकदा. “एकशे नव्वद.” “तीनशे बारा.” मला वाटलं, तिचं मन जरा रमतंय. मनातल्या मनात मी एक वाक्य जुळवत होतो. घरी पोचल्यावर जो आकडा येईल तो सांगून म्हणायचं, बघ, तोही एवढाच गेला असणार, चारदोन किलोमीटर इकडेतिकडे. त्यानं तिचं समाधान होईल, आणि मग मला काही सांगावंच लागणार नाही, असा माझा बेत होता.

जयपूर मागं टाकल्यावर दुपारी एका टपरीवर थांबलो. स्वेटर निघाले होते. मोहरी पिवळी फुललेली. मीटरवर सातशे एकतीस. सुनंदानं बशीत चहा ओतला आणि म्हणाली, “भाऊजी, मला एक सांगायचंय. मी वाईट आहे.”

“काय झालं?”

“रूपलालजींनी एवढं केलं आपलं. ह्यांना शेवटचं पाणी त्यांनी दिलं. पण तार काढली म्हणाले ना, तेव्हापासून माझ्या मनातून त्यांच्याबद्दल राग जातच नाही. त्यांच्या हातचं खाल्लं, त्यांच्याकडे झोपले, आणि मनात राग धरून निघाले. निघताना पाया पडायला पाहिजे होतं, पडले नाही. असं कसं झालं माझं?”

मला वाटतं, ती तसं बोलली नसती तर मी आजही गप्पच असतो. ही लाज मी लपवत नाही.

“सुनंदा,” मी म्हणालो, “तार मी काढली होती. नोव्हेंबरमध्ये. रूपलालजींनी माझ्यासाठी अंगावर घेतलं.”

तिनं बशी खाली ठेवली. रस्त्यावरून दोन ट्रक गेले. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“काढायच्या आधी चावी फिरवली होती?” तिनं विचारलं. “आकडा बघितला होता?”

“नाही.”

“एकदा बघायचं होतं, भाऊजी.”

एवढंच ती म्हणाली. मग माझ्याकडून मोबाइल मागून घेतला आणि मोहरीच्या बांधावर लांब जाऊन उभी राहिली. रूपलालजींना फोन लावला असावा. वाऱ्यात शब्द ऐकू येत नव्हते. एक हात तिनं कपाळाला लावलेला होता, आणि एकदा ती वाकली, समोर माणूस असावा तशी. परत आली, मागच्या बाजूला गेली, हौद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली, आणि गाडीत बसली. उदयपूर आलं, गुजरात आलं, ढोकळा झाला, उंधियू झाला, हवेत खारेपणा आला. तिनं मीटर पुन्हा वाचला नाही. पाणी हवंय का, लाडू संपवा, इथं डावीकडे घ्या, एवढंच ती माझ्याशी बोलत राहिली.

मोरवा

नारकंड्याहून निघाल्यापासून चौथ्या दिवशी दुपारी घोडबंदरवरून भाईंदरला शिरलो. रिक्षा, हॉर्न, उड्डाणपुलाखालची गर्दी, ओळखीचा उकाडा. मंकी कॅप अजून डॅशबोर्डवर होती आणि ती बघून सिग्नलला एक रिक्षावाला हसला. मोरव्यात शिरताना बायका दारात आल्या. ‘सांगाल तिथे’ लिहिलेली गाडी परत आलेली बघून एक-दोघींनी पदर तोंडाला लावला. विलास लावायचा त्याच जागी, भिंतीला घासून, मी गाडी उभी केली.

सुनंदा उतरून घरात गेली. कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या. मी बॅगा उतरवल्या आणि दारात येऊन चप्पल काढायला वाकलो.

आतून तिचा आवाज आला, “किती झाले?”

मी तसाच परत गेलो, काचेतून वाकून बघितलं आणि येऊन सांगितलं, “अठराशे सत्याऐंशी.” आणि रस्ताभर जुळवलेलं ते वाक्यही माझ्या तोंडून निघालंच. “म्हणजे सुनंदा, विलासही साधारण एवढाच...”

“हे यायचे झाले,” ती म्हणाली. ती गॅसजवळ पाठमोरी होती. “जायचे राहिले ते राहिलेच.”

तिनं चहा केला. दोन कप. साखर मला जरा जास्त लागली, पण कप मी पूर्ण संपवला.

याला आता काही आठवडे झाले. गाडीला गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं, तिनं नाही म्हणून सांगितलं. रोज सकाळी ती खाली जाऊन गाडी दहा मिनिटं चालू ठेवते, जागच्या जागी. ती डोंगरातली बॅटरी मोरव्याच्या हवेत पहिल्याच चावीला उठते. मीटर हलत नाही, अठराशे सत्याऐंशीच आहे. रविवारी मी पूनम सागरहून बसनं जातो. ती भाऊजी म्हणते, चहा देते, कौशल्याजींचा फोन आला होता म्हणून सांगते, आमच्या हिच्यासाठी डब्यात सुकट भरून देते. परवा म्हटलं, पाण्याची पातळी तरी बघून ठेवतो बॅटरीची. ती म्हणाली, “तुम्ही बसा, भाऊजी,” आणि गाडीची चावी घेऊन स्वतः खाली गेली.